संशयातून श्रद्धेकडे : कतारगाम ते केडगाव



सुरत हे नाव मराठी माणसाच्या कानी पडले की त्याला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु सुरतेशी मराठी मनाचा आणखी एक ऋणानुबंध आहे. तो विचाराच्या प्रांतातला आहे आणि त्याची आठवण क्वचितच निघते. एकोणिसाव्या शतकातील काही मराठी माणसे धर्माविषयीच्या संशयातून निघून ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत कशी पोहोचली, काही दारापर्यंत जाऊन का थांबली, आणि आत गेलेल्यांचाही संशय तेथे संपला की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय. त्याची सुरुवात सुरतेच्या कतारगाम दरवाजापासून करावयाची आहे.

आज कतारगाम म्हटले की हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु जुन्या शहराच्या कतारगाम दरवाजाजवळ सतराव्या शतकापासूनच्या ख्रिस्ती दफनभूमी आहेत. इंग्रजांची वेगळी, डचांची वेगळी, आर्मेनियनांची वेगळी. इंग्रजांच्या आवारात सर्वांत लक्ष वेधून घेते ती ऑक्झेंडन बंधूंची समाधी. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये वारला. शिवछत्रपतींच्या पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रजांची वखार राखणारा त्याचा भाऊ सर जॉर्ज हा १६६९ मध्ये वारला. धाकट्या मानाच्या पहिल्या घुमटावर दुसरा भव्य घुमट चढवून दोघांचे स्मारक एकत्र करण्यात आले. खांब, कमानी, घुमट हे सारे मुसलमानी मकबऱ्याच्या धर्तीवर. वरचा लेख मात्र लॅटिनमध्ये. ख्रिस्तोफरच्या मृत्युलेखात त्याच्या आयुष्याचा हिशोब व्यापाऱ्याच्या खातेवहीच्या भाषेत मांडलेला आहे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. डचांच्या आवारात व्हान रेडे याची समाधी आहे. मलबारातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ ज्याने सिद्ध करविला, तोच हा. १६९१ मध्ये तो वारला. त्याचा मकबरा इंग्रजांच्या मकबऱ्यावर ताण करण्यासाठी बांधला गेला, असे सांगतात. आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी मात्र जमिनीलगत आडव्या शिळांच्या, आपल्या लिपीत नावनिशी कोरलेल्या.

एका तारणाऱ्यावर विश्वास ठेवणारी ही तीन राष्ट्रांची माणसे मरणानंतरही आपापल्या कुंपणात निजली आहेत. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ती वंशपरंपरेने आलेली, घरच्या पेटाऱ्यातून गलबतावर चढविलेली श्रद्धा होती. सुरतेच्या रहिवाशाला तिने काही विचारले नाही आणि त्यानेही तिला काही विचारले नाही. कंपनी सरकारचेही धोरण तेच होते. धर्मोपदेशकांनी व्यापारात विघ्न आणू नये. १८१३ च्या सनदेने ही वाट मोकळी झाली. १८१५ मध्ये लंडन मिशनचे स्किनर आणि फायवी हे दोघे सुरतेत आले. त्यांनी गुजरातीत बायबलचे भाषांतर केले, छापखाना चालविला, शाळा घातल्या. इंग्रजांची वखार सुरतेत येऊन त्या वेळी दोनशे वर्षे लोटली होती. घुमटांखालचा धर्म छापील पानावर उतरून हाती आला तेव्हाच सुरतेच्या माणसाला त्याच्याशी वाद घालता आला. ग्रंथालयाच्या सभासदांना या फरकाचे महत्त्व सांगावयास नको.

या सुरतेत १८४० च्या सुमारास सरकारी इंग्रजी शाळेवर एक मराठी शिक्षक आला. दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे पाणिनी म्हणून शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले हे नाव. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, प्रसिद्ध झाले होते. भाषेला नियम असतात आणि ते तर्काने शोधून काढता येतात, हे ज्याने सिद्ध केले, त्याने धर्मालाही हाच प्रश्न घालावा हे क्रमप्राप्तच होते. सुरतेत त्यांना तोडीचा सोबती मिळाला. दुर्गाराम मंछाराम मेहताजी हे नागर ब्राह्मण, गुजराती शाळेचे शिक्षक, भूतपिशाच आणि मंत्रतंत्र यांचे हाडवैरी. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास या पाच ‘द’काराद्य मंडळींनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. शहर १८३७ च्या आगीने होरपळून निघाले होते. १८४४ सालीच मिठावरील वाढीव कराविरुद्ध सुरतेत मोठा दंगा झाला. अशा धामधुमीत ही मंडळी एकत्र बसून विचारीत होती की, ईश्वर एक असेल तर जाती अनेक कशा, आणि मांत्रिकाच्या अंगी सामर्थ्य असेल तर त्याने ते चारचौघांत दाखवावे.

तो काळ असा होता की अशा प्रश्नांना किंमत पडे. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा साऱ्या पारशी पंचायतीत खळबळ उडाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा बापाच्या स्वाधीन झाला. पण त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात दोन तट पडले आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना शिव्याशाप सोसावे लागले. म्हणजे प्रश्न मनात असेपर्यंत तो ज्याचा त्याचा होता. घराबाहेर पडला की तो बापाचा, बायकोचा, जातीचा आणि न्यायाधीशाचा होई. दादोबांनी सुरतेच्या मुक्कामात ‘धर्मविवेचन’ लिहिले. ते छापून निघाले १८६८ मध्ये, आणि तेही टोपण नावाने. मधली पंचवीस वर्षे त्या काळाविषयी बरेच काही सांगून जातात.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस आले. सुरतेची सभा पुढे मंदावली, आणि १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेल्यावर विझल्यातच जमा झाली. परंतु तिचे बीज मुंबईत रुजले. १८४९ मध्ये तेथे परमहंस सभा निघाली. ती गुप्त होती. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा, मुसलमानाने आणलेले पाणी प्यावयाचे, आणि मग बंधुत्वाची प्रतिज्ञा. आज या विधीचे हसू येईल. परंतु त्या पावाच्या एका तुकड्यामागे घरादाराला मुकण्याची भीती होती हे ध्यानात घेतले म्हणजे हसू मावळते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि सभा एकाएकी नाहीशी झाली. नावे उघडी पडताच जी संस्था संपते, तिच्यातील संशय खरा असला तरी त्याची मुळे किती खोल गेली होती, हा प्रश्न राहतोच.

या परमहंस मंडळीतच बेळगावचा एक तरुण होता, बाबा पदमनजी मुळे. जन्म १८३१, जात कासार, बाप सरकारी नोकरीत, घरचे वळण देवधर्माचे. ज्या लंडन मिशनने सुरतेत छापखाना घातला त्याच मिशनची शाळा बेळगावात होती. तेथे बाबांना बायबलची पहिली ओळख झाली. पुढे मुंबईस येऊन ते फ्री चर्चच्या विद्यालयात शिकू लागले. एका बाजूला मिशनरी अध्यापक आणि नारायण शेषाद्रींसारखे स्वजनांतूनच गेलेले उपदेशक, दुसऱ्या बाजूला ‘प्रभाकर’ पत्र, पाखंडी इंग्रजी पुस्तके आणि परमहंसांच्या बैठका. या ओढाताणीत त्यांची चारपाच वर्षे गेली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी ही वर्षे इतक्या बारकाईने टिपली आहेत की, मराठीत एका तरुणाच्या मनाचा असा आतला इतिहास त्यापूर्वी कोणी लिहिला नव्हता असे म्हणावयास हरकत नाही. बालपणीचे उपासतापास, देवपूजेची गोडी, मग त्या गोडीला लागलेली कसर, मग सगळेच धर्म माणसांनी रचलेले आहेत अशी खात्री, आणि मग त्या खात्रीचाही कंटाळा.

परमहंस मंडळीने आरंभी दोन नियम ठरविल्याचे बाबांनी नमूद केले आहे. कोणत्याही धर्मावर हल्ला करू नये, हा एक. आणि आपल्याजवळ ईश्वराने दिलेला अचूक ग्रंथ आहे असे जो धर्म म्हणेल तो नाकारावा, हा दुसरा. हे दोन्ही नियम त्या मंडळींच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. पहिल्याने शेजाऱ्याशी भांडण टळते, दुसऱ्याने शास्त्री, मौलवी आणि पाद्री या तिघांपासून एकदमच सुटका होते. बाबांना मात्र त्यांत समाधान मिळाले नाही. ईश्वर आहे, तो पित्यासारखा आहे, असे म्हणावयाचे. आणि त्याने आपल्या लेकरांशी कधी बोलूच नये असा नियमही आपणच करावयाचा, ही विसंगती त्यांना डाचू लागली. परमहंसांना जेथे संशयाचा मुक्काम दिसला तेथे बाबांना तो अर्ध्या वाटेवरचा थांबा वाटला. त्यांनी संशय सोडला असे नव्हे. त्यांनी तो परमहंसांच्या दुसऱ्या नियमावरही चालविला.

आणि एवढ्याने भागले नाही. बुद्धीला पटल्यावरही पाऊल उचलावयास वेळ लागला. आईबाप होते, पत्नी होती, जात होती. गुप्तपणे विश्वास ठेवला तर चालणार नाही काय, हा मोह परमहंसांच्या संगतीत वाढलेल्या माणसाला किती जवळचा असेल! अखेर १८५४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात, म्हणजे जेथे प्रत्येक जण आपल्याला व आपल्या वडिलांना ओळखतो त्याच गावात, बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ग्रंथपाल त्याची नोंद करतात आणि विधवांच्या दुःस्थितीचे चित्र म्हणून अभ्यासक ते वाचतात. ते दोन्ही योग्यच. पण त्यातील यमुना आणि विनायक हे जोडपे मनातून ख्रिस्ती असून उघडपणे तसे नाही, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहसा निसटते. बाबांनी आपल्या त्या मधल्या वर्षांची वेदना या दोघांच्या अंगी घातली असावी. कादंबरी म्हणून पुस्तकात कच्चेपणा पुष्कळ आहे. या एका जागी मात्र लेखणी अनुभवात बुडालेली आहे.

दादोबांची वाट निराळी. ते शिक्षणखात्यात व पुढे सरकारी अधिकारावर चढत गेले, रावबहादुर झाले, मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका त्यांनी लिहिली. त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग १८६७ च्या प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी होते. साऱ्यांना वाटावे की दादोबांचा धर्मविचार येथे स्थिरावला. पण १८७८ मध्ये लंडनहून त्यांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय, स्वीडनचा द्रष्टा इमॅन्युएल स्वीडनबोर्ग याचे ग्रंथ आणि त्याच्या अनुयायांचा नवा यरुशलेम पंथ. चौसष्टाव्या वर्षी, पोथ्यापुराणांतून, वेदान्तातून, परमहंसांच्या तत्त्वांतून गेलेला हा मराठी वैयाकरण बायबलाचा आंतरिक अर्थ लावणाऱ्या एका युरोपीय गूढवाद्याजवळ जाऊन बसला होता. ख्रिस्ताच्या इतक्या जवळ येऊनही दादोबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. १८८२ मध्ये ते वारले.

त्यांना भित्रे म्हणणारे तेव्हाही होते. परंतु हा निवाडा उतावीळपणाचा होईल. संशय एका निकालाने संपावा असा काही नियम नाही. काही माणसांच्या बाबतीत तो आयुष्यभराचे अध्ययन होतो, आणि अशा माणसाला शेवटी जे लाभते त्याला श्रद्धा म्हणावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. एवढे मात्र खरे की, दादोबांनी किंमत चुकविली ती मनातल्या मनात. बाबांनी ती चव्हाट्यावर चुकविली. ख्रिस्ती परंपरेत या दुसऱ्या गोष्टीला मोल आहे. कारण तेथे श्रद्धा ही एकट्याची समजूत नसून साक्ष आहे, चारचौघांत उभे राहून दिलेली.

साक्षीचा विषय निघाला की शुभवर्तमानातील थोमाची आठवण येते. गुरू पुन्हा उठल्याचे सोबती सांगत होते. हा म्हणत होता की खिळ्यांच्या खुणा पाहिल्यावाचून, जखमेत बोट घातल्यावाचून पटावयाचे नाही. आठ दिवसांनी ख्रिस्त आला तो थोमाला हाकलून द्यावयास आला नाही. त्याने आपले हात पुढे केले. याच थोमाने पुढे केरळच्या किनाऱ्यावर येऊन सुवार्ता सांगितली, अशी तेथील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. हिंदुस्थानच्या ख्रिस्ती मंडळीने आपला मूळपुरुष म्हणून ज्याला मानले, तो बारा शिष्यांतील संशयी शिष्य आहे. उत्तर हिंदुस्थानातून एक मराठी शास्त्री याच वाटेने गेला, आणि त्याची हकीकत बाबांच्या हकीकतीहूनही विलक्षण आहे.

नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण, न्यायशास्त्रात मुरलेले. ते मिशनऱ्याकडे गेले ते त्याला वादात जिंकावयास. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी विशीच्या आसपास लिहिला. खंडन करण्यासाठी प्रतिपक्ष नीट वाचावा लागतो, आणि नैयायिकाची शिस्त अशी की, समोरच्याला जो प्रश्न विचारावा तोच स्वतःलाही विचारावा. १८४८ मध्ये त्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ १८६० मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून कोणी समजेल की वाद जिंकून शास्त्रीबुवा निश्चिंत झाले. तसे झाले नाही. बाप्तिस्म्यानंतर सत्तेचाळीस वर्षे ते जगले आणि त्या अवधीत शंका त्यांच्याकडे वारंवार परत येत राहिल्या. दीक्षा घेऊन पाळक व्हावयास त्यांना वीसबावीस वर्षे लागली. पुढे एका अँग्लिकन साधुसंघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण कायमची व्रते त्यांच्याकडून घेतली गेली नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हे चंचलपण वाटेल. ज्यांनी त्यांना जवळून पाहिले त्यांनी मात्र त्यांच्या साधेपणाची, उपवासांची आणि प्रार्थनेची साक्ष दिली आहे. शंका आली म्हणून त्यांनी प्रार्थना थांबविली नाही, आणि प्रार्थना चालू आहे म्हणून शंकेला खोटे ठरविले नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला.

१८८२ मध्ये पुण्यास या गोरेशास्त्र्यांची आणि पंडिता रमाबाईंची गाठ पडली. रमाबाई त्या वेळी चोवीस वर्षांच्या होत्या आणि तेवढ्या आयुष्यात त्यांनी सारे गमावले होते. १८७० नंतरच्या दुष्काळात तीर्थोतीर्थी भटकताना आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. मग भाऊ गेला, मग पती. शास्त्रात सांगितलेले जप, दाने, उपोषणे त्या कुटुंबाने अक्षरशः केली होती, आणि कोणताही देव धावून आला नव्हता. रमाबाईंचा संशय पुस्तकातून आलेला नव्हता. तो भुकेतून आला होता. कलकत्त्यास ब्राह्म विचारांनी त्यांना काही काळ आसरा दिला. गोरेशास्त्र्यांशी झालेल्या संभाषणांनी तो आसराही पुरेसा नाही असे त्यांना वाटू लागले. आपल्याच भाषेत बोलणारा, आपलीच शास्त्रे जाणणारा, आणि स्वतः शंकांतून गेलेला माणूस समोर होता. युरोपीय उपदेशकाला जे साधले नसते ते त्याने साधले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. चरित्रकार पुष्कळदा येथे प्रकरण संपवितात. वस्तुतः ते येथे सुरू होते. त्या काळातील पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. तो ज्या वाचकाने पाहिला नसेल त्याने अवश्य पाहावा. धर्मभगिनी जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता, प्रेमळ पण अधिकार गाजविणाऱ्या. रमाबाई त्यांना लिहितात ते शिष्येच्या नम्रतेने आणि पंडितेच्या हट्टाने. ख्रिस्ताच्या देवत्वाचा अर्थ काय, त्रैक्याचा सिद्धान्त शास्त्रात नेमका कोठे, प्रत्येक पंथ आपणच खरा म्हणतो तर नवागताने कोणाचे ऐकावे? एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढून ठेवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट कळविले. भगिनींनी दिलेल्या क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये होती. ती आपल्याला आणि आपल्या देशबांधवांना कळत नाहीत, मग संस्कृत का नको, असाही त्यांचा सवाल होता. कतारगामच्या घुमटाखालील तो लॅटिन लेख आणि ती तीन वेगळी कुंपणे येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. सुरतेच्या मातीत दोन शतके जे मुकाट्याने उभे होते, त्याला रमाबाईंनी वाचा फोडली.

जेराल्डिन यांना ही सारी उद्धटपणाची लक्षणे वाटली. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांनी मात्र ओळखले की, या बाईचे प्रश्न तोडून टाकण्यासारखे नाहीत. त्यांनी उत्तरे दिली, वेळ दिला, आणि मुख्य म्हणजे घाई केली नाही. श्रद्धेच्या वाटेवर चालणाऱ्याला असा एखादा शिक्षक मिळणे हे केवढे भाग्य आहे!

अमेरिकेचा प्रवास करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले. लोक त्यांना पक्क्या ख्रिस्ती समजून टीका करीत होते, आणि त्या स्वतः आत कोठेतरी रित्याच होत्या. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे पाळकपण करीत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावरून प्रवचन करता करता आपल्याच शब्दांनी त्याचे हृदयपरिवर्तन झाले. ते वाचून रमाबाईंना आपले दुखणे कळले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळावयाचा राहिला, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले आहे. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आणि तेही एका पुस्तकाच्या निमित्ताने. सिद्धान्ताचे प्रश्न सगळे सुटले होते असे नाही. पण प्रश्न विचारणारी व्यक्ती आता एकटी उरली नव्हती.

या आंतरिक स्थित्यंतराची बाहेर लगेच परीक्षा झाली. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’ने झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. येथे पालकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर त्यांनी मुली पाठविल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, कोणावर सक्ती नाही, पण स्वतःच्या खोलीचे दार लावून प्रार्थना करणे आपल्याला जमणार नाही. परमहंसांच्या चोरीस गेलेल्या वहीपासून या उघड्या दारापर्यंत मराठी समाज तीस-पस्तीस वर्षांत येऊन पोहोचला होता.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात, आणि १८९९-१९०० मध्ये गुजरातेत. गुजराती माणूस त्याला अद्याप ‘छप्पनियो’ म्हणतो, विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ म्हणून. ज्या बाईने लहानपणी आपल्या माणसांना भुकेने मरताना पाहिले होते, तिला हे वर्तमान ऐकून स्वस्थ बसवले नाही. पहिल्या दुष्काळात त्या स्वतः गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी आपल्या मदतनीस स्त्रियांना गुजरातेत पाठविले आणि तेथून शेकडो मुली व विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्या सुमारास सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. भाकरीसाठी आलेल्या मुलीची श्रद्धा खरी कशी मानावी? टीकाकारांनी तेव्हाही हे विचारले, आजही विचारले जाते. काही मुलींच्या बाबतीत ती केवळ आश्रयदात्याच्या धर्माची सवय असेल, हे कबूल करावे लागेल. पण रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहता या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. त्यांचा स्वतःचा देवावरचा विश्वास भुकेनेच उडाला होता. भुकेल्याकडे कोणी धावून येत नाही, हा त्यांच्या संशयाचा मूळ मुद्दा होता. गुजरातेतल्या त्या मुलीकडे कोणीतरी धावून गेले. तिला यातून काय समजले, हे ती मोठी होऊन वाचू शकली तरच स्वतःपुरते ठरवू शकणार होती.

म्हणून केडगावात शाळा होती, विणकाम, शेती आणि छपाई शिकविली जात होती. आणि म्हणूनच आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या नव्या भाषांतराला वाहिली. चालू मराठी भाषांतरे संस्कृतप्रचुर होती. आडगावच्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला ती जड जात. संस्कृतात अवधान करून कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास आरंभिला तो सोपे मराठी लिहिण्यासाठी. शब्द निवडताना पंडिताला काय आवडेल हा विचार त्यांनी बाजूला ठेवला. खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पाने दुमडून शिवणाऱ्या सगळ्या सदनातल्याच स्त्रिया होत्या. भाषांतर पुरे करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.